इंजिनाला लावलेला फॉगर

आमच्या घरात एखादं यंत्र बिघडलं की आधी त्याला शिव्या बसतात, मग दोन थापा बसतात, आणि तरीही ते वठणीवर आलं नाही तर मला हाक येते. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. लग्नाआधी अंबडच्या एका कारखान्यात नोकरीही केली. मग नाशिकजवळच्या मखमलाबादच्या या रोपवाटिकेत सून म्हणून आले, मुलगी झाली, नोकरी सुटली. सोड असं कुणी म्हटलं नाही, आणि सोडू नको असंही कुणी म्हटलं नाही. डिप्लोमा मात्र वाया गेला नाही. पाण्याची मोटर, मिक्सर, शेडनेटमधले फॉगर, सासूबाईंचा मोबाइल, सगळं माझ्याकडे येतं. फक्त एका यंत्राला हात लावायची मला परवानगी नव्हती, ते म्हणजे आबांची व्हॅन.

आबा म्हणजे माझे सासरे. व्हॅन जुनी, पेट्रोलवरची. मागच्या सीटा काढून तिथे रोपांचे ट्रे ठेवायला लोखंडी मांडणी बसवलेली. आठवड्यातून एकदा सकाळी आबा त्यात मिरची, वांगी, टोमॅटो, झेंडू अशी रोपं भरतात आणि त्र्यंबकवरून हरसूलच्या बाजाराला जातात. घाट जाताना उतरायचा, येताना चढायचा. रोपं संपली की येताना तिकडून लेंडीखताची पोती आणतात, म्हणजे चढ आणि वजन नेमकं एकाच वेळी येतं. वर दुपारचं ऊन.

माझ्या नवऱ्याला हा बाजार पटत नाही. त्याच्या ऑर्डरी फोनवर येतात आणि ट्रे त्याच्या पिकअपमधून जातात. आबांनी आता आराम करावा, असं तो म्हणतो. आराम म्हणजे ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालणं. आबांनी तसं दोन दिवस बसूनही पाहिलं. तिसऱ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "यांना कुठंतरी पाठव रे बाबा. फोडणीत मोहरी किती घालायची ते मला सांगायला लागलेत."

गेल्या वर्षी गणपती उठले आणि व्हॅन घाटात ठोके द्यायला लागली. पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा आवाज इंजिनातून यायचा आणि गाडीचा दम जायचा. एकदा तर चढावर बंदच पडली. मागे एसटी, एसटीच्या मागे जीपा, सगळ्यांचे हॉर्न. आबा घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. जेवताना नवऱ्यानं निकाल दिला, "आणखी एकदा घाटात बंद पडली की व्हॅन विकायची आणि हरसूल बंद." आबांसारखा ताटात कधी शीतही न टाकणारा माणूस अर्धी भाकरी ठेवून उठला, आणि मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी आबा व्हॅन घेऊन नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे निघाले. मी मागे लागून सोबत गेले. मिस्त्रीनं सीट उचलली, खालच्या इंजिनात डोकावला, जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं. "इंजिन थकलं, आबा. काजळी धरली असणार. उतरवून खोलावं लागेल. खोलल्यावर काय काय निघेल ते आत्ता सांगता येत नाही." ओळखीचा माणूस आजारी पडल्यावर डॉक्टर बोलतात तसं बोलत होता. आबांचा चेहरा पडला. "दिवाळी होऊ दे," म्हणाले आणि व्हॅन परत घेऊन आले.

आता ऑक्टोबरचं ऊन काय असतं ते नाशिककरांना सांगायला नको. भर दुपारी शेडनेटमध्ये रोपं माना टाकतात, तेव्हा फॉगर चालू करायचा. धुक्यासारखे बारीक थेंब पसरतात, पानावर पडायच्या आत हवेतच विरतात आणि जाताना हवा गार करून जातात. मी तिथे उभी राहून गारवा खात होते आणि मला कारखान्यातले आमचे जुने साहेब आठवले. ते सांगायचे, इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण फार तापलं की ठिणगीची ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून पेटतं. ठोके पडतात ते त्याचेच. म्हणून पूर्वी विमानांच्या, शर्यतीच्या गाड्यांच्या इंजिनात हवेबरोबर पाण्याचा बारीक फवारा सोडत. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि पेट्रोल आपल्या वेळेला जळतं. वॉटर इंजेक्शन म्हणतात त्याला. म्हणजे फॉगरच की! आणि फॉगर तर आमच्याकडे पोतंभर पडले होते.

मी तशीच आबांकडे गेले. "आबा, व्हॅनच्या इंजिनात पाणी सोडायचं का?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला उन्हाचा चटका बसलाय का याची त्यांना शंका आली असावी. "पोरी, पाणी गेलं की इंजिन बसतं ना गं?"

"थोडंसंच. शेडमध्ये सोडतो तसं, धुक्यासारखं. गार होईल, ठोके थांबतील."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "कर तुला काय करायचं ते. नाय तरी विकायचीच हे ती." व्हॅनला हात लावायची परवानगी मला अशी मिळाली.

पाठीवरच्या एका फवारणी पंपाची टाकी फुटली होती, पण आतली मोटर शाबूत होती आणि ती बॅटरीवरच चालणारी. ती काढली. नळी ठिबकची घेतली. एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपात भोक पाडून फॉगरचं नोझल बसवलं. सीटच्या मागे पाच लिटरचा कॅन बांधला आणि स्टिअरिंगजवळ घरातल्या दिव्याचं असतं तसं एक बटण लावलं. सासूबाई चहा घेऊन आल्या, कॅन आणि लोंबणारी नळी पाहून म्हणाल्या, "अगं बाई, गाडीला सलाईन लावलं का?" मिस्त्रीकडे एक क्लिप आणायला गेले तर तोही चेष्टा करायला टपलेलाच. "ताई, इंजिनात पाणी गेलं की लोक गाडी ढकलत माझ्याकडे आणतात. तुम्ही हातानं घालताय?"

"पाणी नाही, धुकं घालतेय," मी म्हटलं.

"बरं. मग धुक्यातून वाट काढत या."

मला राग आला की माझे कान लाल होतात. क्लिप घेऊन मी लाल कानांनी घरी आले.

पहिली चाचणी अंगणात झाली आणि तिचा पार बोऱ्या वाजला. गाडी जागेवर उभी, इंजिन नुसतं चालू, आणि मी ऐटीत बटण दाबलं. व्हॅननं एक ठसका दिला, दोन दिले, मागून पांढरी वाफ सोडली आणि गप्प झाली. नवऱ्यानं हे सगळं मोबाइलवर घेतलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. पुढचे आठ दिवस मावशा आणि आत्या फोन करून व्हॅनची तब्येत विचारत होत्या. चूक माझीच होती. इंजिनावर भार असेल तेव्हाच पाणी सोडायचं असतं. निवांत बसलेल्याच्या तोंडात पाणी ओतलं तर तो ठसकणारच. मी नोझल अजून बारीक घेतलं आणि आबांना सांगितलं, बटण फक्त चढाला, ठोके सुरू झाले की दाबायचं. आणि कॅनमध्ये फक्त बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. आमच्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं, की त्यानं ठिबकची भोकंसुद्धा बुजतात.

खरी चाचणी घाटात. मी सोबत गेले. येताना मागे खताची पोती. आबा गाडी चालवत होते आणि मी सीटवर उलटी वळून कॅनकडे, नळीकडे बघत होते, एक हात बटणावर. चढ लागला. कड कड कड, हरभरे वाजायला लागले. मी बटण दाबलं. मोटर गुणगुणली, नळी थरथरली आणि हळूहळू, खरंच सांगते, ठोके विरळ झाले. मग अगदी तुरळक. आबांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "आयला! मुकी झाली की गं!"

वर पोचल्यावर आबांनी गाडी बाजूला घेतली आणि मला भजी खाऊ घातली. नोकरी सुटल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं, की आपल्याला काहीतरी येतं. डोळ्यांत पाणी आलं तर मी मिरचीवर ढकललं.

मग काय, आबांच्या बोलण्यात व्हॅनशिवाय विषय नाही. कॅन ते स्वतः भरायचे, नळी पुसायचे, कुणी दिसला की सीट उचलून दाखवायचे, "सुनेनं केलंय." नवऱ्यानंही ग्रुपवर दुसरा व्हिडिओ टाकला. तीनचार बाजार निर्विघ्न पार पडले.

दिवाळीच्या आधीच्या बाजाराला ट्रे फार होते, म्हणून मी पुन्हा गेले. हरसूलच्या बाजारात आबांना मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. आधीच्या खेपेला मी व्हॅनमध्येच नोझल न्याहाळत बसले होते. आबा जमिनीवर पोतं टाकून बसले होते आणि भोवती बाया. एकीनं पिशवीतून सुकलेलं वांग्याचं झाड काढलं. आबांनी मूळ मोडून पाहिलं आणि तिला झापलं, "पाणी लय देती तू. तुझी जमीन काळी, तिला एवढं लागत नाय, दरसाल सांगतो." तिची जमीन काळी आहे, हिचा वाफा उताराला आहे, त्या पलीकडच्या बाईच्या विहिरीचं पाणी माघात आटतं, सगळं त्यांच्या डोक्यात. घरी टीव्हीचा रिमोट कुठे ठेवला ते त्यांना आठवत नाही. आबांसाठी हा बाजार काय आहे ते मला तिथे कळलं, आणि तो बंद झाला तर त्यांचं काय होईल तेही.

येताना घाटाच्या मध्यावर ठोके सुरू झाले. आबांनी बटण दाबलं. मोटर गुणगुणली, पण आवाज घुसमटल्यासारखा. ठोके वाढले. आबांनी पुन्हा बटण दाबलं, मग दाबतच राहिले, आणि एका वळणावर व्हॅन आचका देऊन बंद पडली. मी दगड घेऊन खाली उतरले, चाकाला लावला, आबांना उतरवून सीट उचलली आणि नोझल काढलं. नोझलच्या तोंडावर निळसर खडा धरला होता. बोअरच्या पाण्याचा पांढरा असतो. हा निळा मी रोज बघते. रोपांना पाण्यातून देतो ते खत असं वाळतं.

"आबा, कॅनमध्ये काय घातलं?"

आबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "काय नाय. चिमूटभर खत."

"इंजिनात खत?"

"अगं, नुसत्या पाण्यावर रोप पिवळं पडतं. ही एवढं वझं ओढती. म्हटलं, हिला बी कायतरी खुराक."

माझे कान लाल झाले, आणि त्याच वेळी मला इतकं हसू फुटलं की हातातलं नोझल दगडांत जाऊन पडलं. ते शोधण्यात दहा मिनिटं गेली, आणि सापडल्यावरही खडा काही निघेना. शेवटी पाण्याचा नाद सोडला. आबा पुन्हा गाडीत बसले. गाडी चालू झाली, पण चढावरून उचलेना. एकदा बंद पडली, दुसऱ्यांदा मागे घसरून दगडावर टेकली. तिसऱ्यांदा मी खिडकीतून आत पाहिलं, आणि पाहिलं ते असं: आबांनी डावा तळहात गुडघ्यावर ठेवला होता आणि क्लच दाबायला ते हातानं पाय खाली रेटत होते. पाय थरथरत होता. कपाळावर घाम होता.

"सरका," मी म्हटलं. एरवी मी त्यांच्याशी अशी बोलत नाही. ते मुकाट्यानं डावीकडे सरकले.

मी पहिला गिअर टाकला, गाडी उचलली, मग दुसरा, आणि दुसऱ्यातच ठेवली. मागे तीच पोती, तेच ऊन, पाण्याचा एक थेंब नाही. व्हॅन घाट चढली. एकही ठोका पडला नाही.

इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. चढाला गिअर खाली घ्यायचा म्हटलं की क्लच आला, क्लच म्हटलं की गुडघा आला. म्हणून आबा अख्खा घाट तिसऱ्यात चढवत होते आणि ते बिचारं इंजिन बोंबलत होतं. माझं पाणी त्याची बोंब कमी करत होतं, एवढंच. मला भयंकर राग आला, आबांचा नाही, माझाच. डिप्लोमावाली बाई, शेजारी बसून कॅनकडे बघत राहिले आणि गिअर कुठला आहे ते पाहिलं नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दुखतो संक्रांतीपासून. क्लच दाबेना झाला गणपतीपासून." मग गुडघा चोळत म्हणाले, "घरी सांगू नको, पोरी. गाडी बिघडली तर दुरुस्त करतेत. मी बिघडलो म्हटल्यावर बाजार बंद."

"मला खोटं बोलता येत नाही, आबा."

"खोटं नको बोलू. नुसतं पाण्याचं सांग."

म्हणून मी घरी पाण्याचं सांगितलं. नोझल बुजतं, त्यावर नजर ठेवावी लागते, ते फक्त मलाच जमतं, तेव्हा दर बाजाराला मला जावं लागेल. घाटात थांबलो होतो, पण खडा काढायला, असंही सांगितलं. नवऱ्यानं मान डोलावली. तेव्हापासून आमची वहिवाट ठरली. आबा अंगणातून ऐटीत गाडी काढायचे, सगळ्यांना हात करायचे, आणि वेशीबाहेर रसवंतीपाशी आम्ही जागा बदलायचो. शेजारी बसलेले आबा म्हणजे डोक्याला ताप. "दुसरा टाक." टाकलाय, आबा. "हॉर्न दे." रस्त्यावर कुत्रंही नाही, आबा. समोरून एसटी आली की ते उजव्या पायानं गाडीचा पत्रा दाबायचे. परत येताना पुन्हा रसवंती, पुन्हा अदलाबदल, आणि आबा विजयी मुद्रेनं अंगणात. हे सगळं हिवाळाभर बिनबोभाट चाललं.

आणि मग आमच्या यशानंच घात केला. एका बाजाराच्या सकाळी ट्रे भरून झाले, मी ओढणी बांधत होते, आणि नवरा शेडमधून म्हणाला, "आज तू थांब. ऑर्डर भरपूर आहेत. मशीन आता नीट चालतंय ना? किती आठवडे झाले, एकदाही अडली नाही. आबा जातील एकटे."

मी आबांकडे पाहिलं. नोझल, खडा, काहीतरी सांगायला मी तोंड उघडलं. आबांनी हात वर करून मला थांबवलं. ते चालकाच्या दारापाशी उभे होते. तिथून निघाले, व्हॅनच्या पुढून वळसा घालून पलीकडे गेले आणि अंगणात सगळ्यांच्या देखत डावीकडच्या सीटवर बसले.

"पाय गेलाय माझा," ते म्हणाले. "क्लच दाबत नाय. दिवाळीपासून तीच चालवती. मशीन-बिशीन काय नाय, गाडी चांगलीच होती."

सासूबाई डब्याला फडकं बांधत होत्या, त्यांनी गाठ पक्की केली. "मला काय सांगता? रोज तेल कोण चोळतं गुडघ्याला?" त्यांनी डबा आबांच्या मांडीवर ठेवला. "बाजार काय गुडघ्यानं होतो? बाजार तोंडानं होतो, आणि त्याला काय धाड भरलीय!"

नवरा मात्र हसला नाही. तो व्हॅनपाशी आला. "मला का नाही सांगितलं, आबा?"

"तू बाजार बंद केला असता."

नवऱ्यानं नाही म्हटलं नाही. तो वळून शेडमध्ये गेला. मला वाटलं, संपलं सगळं. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात झेंडूचे दोन ट्रे होते, शहरातल्या ऑर्डरीतले. मागे मांडणी भरलेली, म्हणून त्यानं ते आबांच्या सीटमागे उभे कोंबले.

"हे पण न्या," तो म्हणाला. "झेंडू तिकडे जास्त खपतो."

मी गाडी काढली. त्या दिवशी आबांनी मला ना गिअर सांगितला, ना हॉर्न. उताराला ट्रे पुढे सरकू नयेत म्हणून त्यांनी हात मागे नेऊन धरला होता, आणि हरसूल येईपर्यंत तो काढला नाही.